पैकीच्या पैकी

४ जून
लेक ऐकत नाही. बाबा, मेमरी टेस्ट करून घ्या, तोवर ठमीला शाळेतून आणायला जायचं नाही, म्हणते. गुन्हा काय? तर परवा नातीला आणायला निघालो आणि माझ्याच जुन्या शाळेच्या फाटकात जाऊन उभा राहिलो. जन्मभर तिथे गणित शिकवलं, पाय सवयीने वळले. पोर तिकडे रडत बसली, ते मात्र वाईट झालं. फार वाईट.

११ जून, दुपार
टेस्ट झाली. सायकॉलॉजिस्ट बाई माझी विद्यार्थिनी शोभेल अशी. पाच शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, मग म्हणे, काका, मघाचे शब्द? दोन आले. पंखा फार आवाज करत होता. बाकीचे बाईंनी खुणा दिल्यावर निघाले. बाहेर येताच तळहातावर लिहून घेतले. घंटा, लिंबू, खुर्ची, नदी, बूट. सप्टेंबरात पुन्हा बोलावलंय. आता बघाच!

१२ जून
संकल्प: रोज दाढी करताना शब्द घोकणे. याला कॉपी म्हणत नाहीत, तयारी म्हणतात.

२ जुलै
ठमीला व्हॅन लावली. तात्पुरती. व्हॅनवाले काका गोष्ट सांगत नाहीत, अशी तिची तक्रार. थोडं थांब म्हटलं.

१९ ऑगस्ट
आजचा अभ्यास झाला की नाही, आठवेना. म्हणून पुन्हा केला. दाढीही पुन्हा झाली.

१० सप्टेंबर
बाई शब्द सांगत होत्या तेव्हा माझी मनात उजळणी चालू. विचारल्याबरोबर धाडधाड म्हणून दाखवले. पैकीच्या पैकी! बाई हळूच म्हणाल्या, काका, हे जूनमधले. आजचे वेगळे होते.
दर परीक्षेला पेपर बदलतो. इतकी वर्षं पेपर काढले मी, आणि हे सुचू नये?
गाडीत माझा सीटबेल्ट लेकीनेच लावला.

१७ सप्टेंबर
रिपोर्ट आला. व्हॅन कायमची.

२१ सप्टेंबर
ठमी टेस्टवाली बाई झाली होती. पाच शब्द सांगितले, पाणी पिऊन आली, विचारलं. एकही येईना. मला रडूच आलं. तेवढ्यात तिची आई खोलीत येताना दिसली, तशी ठमी माझ्या कानाला लागली. ती एकेक शब्द सांगत गेली, मी मोठ्याने म्हणत गेलो. आई, आजोबांना सगळे आले, असं तिने ठणकावून सांगितलं.
वर्गात शेजाऱ्याकडे नुसती मान वळली तरी पेपर काढून घ्यायचो मी. आज शेवटचा शब्द नीट ऐकू आला नाही, तर पुन्हा विचारून घेतला.