पहिलं हसू माझंच

४ मार्च, सकाळी ११
लेक तीन दिवसांची झाली. आज दवाखान्यातून घरी आली. नाव ठरेपर्यंत चिंगी. निघताना नर्सबाईंनी बाळाच्या वाढीची पुस्तिका दिली. आठ पानं वाचली, विषय आटोक्यात आला. नवजात बाळाला वीतभर अंतरापलीकडचं नीट दिसत नाही, पण घरच्यांचे आवाज ते पोटात असल्यापासून ऐकतं. हे वाचून निश्चिंत झालो. बस स्टँडवर बारा वर्षं अनाउन्सर आहे, आवाजात आपला हात धरणारा कोणी नाही. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळ माणसाकडे बघून खरं हसतं. ते पहिलं हसू माझंच. बायकोला तसं सांगून टाकलं. ती म्हणाली, आधी लंगोट बदल.

७ मार्च
चिंगी माझ्याकडे बघून हसली. वेळ ८.१०. सासूबाई म्हणाल्या, गॅस आहे. ८.११ ला गॅस निघाला. योगायोग.

१० मार्च
निश्चय: रोज एक तास चिंगीला मांडीवर घेऊन बोलायचं. आज सुरुवात. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ एवढंच म्हणालो. चिंगीने दचकून दोन्ही हात फाकले आणि टाहो फोडला. पुस्तिकेनुसार हे दचकणं अगदी नॉर्मल. बायकोचं मत, आवाज कमी कर. शेजारच्या काकूंचंही तेच मत, भिंतीपलीकडून.

१५ मार्च
एका तासाची दहा मिनिटं झाली. ड्यूटी वाढली, खांदा अवघडला, त्यात तिने इस्त्रीच्या शर्टवर दूध काढलं. मग डोकं चालवलं. स्टँडवर तरी मी प्रत्येक बसला घसा कुठे फोडतो? एकदा रेकॉर्ड केलं की दिवसभर वाजतं. जुन्या फोनवर वीस मिनिटं मऊ आवाजात बोललो. सुरुवात: ‘चिंगे, मी तुझा बाबा.’ फोन पांढऱ्या स्पीकरला जोडला. त्याला दोन काळ्या गोल जाळ्या आहेत. तो पाळण्याच्या कठड्याला घट्ट बांधला, बरोब्बर वितीवर.

१६ मार्च
चिंगी रडत होती, स्पीकर लावला, गप्प. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, जरा तुम्हीही घ्या की तिला. म्हटलं, घेतल्यासारखंच आहे.

२६ मार्च
सगळं सुरळीत. ती रडली की बायको बटन दाबते. मी सोफ्यावरून लक्ष ठेवतो. फार प्रेमळ आवाज आहे माझा. दोनदा माझाच डोळा लागला.

२ एप्रिल
चिंगीला मांडीवर घेतलं. रडली. रेकॉर्डिंगमधलीच वाक्यं तोंडाने म्हणून पाहिली. जास्त रडली. बायकोने बटन दाबलं तेव्हा थांबली. म्हणजे आवाजाची ओळख पक्की. राहता राहिला चेहरा. तो काय पळून जातोय?

९ एप्रिल
सासूबाईंचं नवीनच. म्हणे पोर अंगाची ऊब ओळखतं, रोज जवळ घेणाऱ्याचं होतं. जुन्या वळणाच्या आहेत, वाद घातला नाही. रविवारी सहा आठवडे भरतात. रजा टाकली.

१२ एप्रिल, सकाळी ९.३०
दाढी केली, नवा शर्ट घातला. बायको फोटो काढायला उभी. मी पाळण्यात वाकलो. अंतर एक वीत. ‘चिंगे, मी तुझा बाबा.’

तिने माझ्याकडे पाहिलं. कपाळाला आठी घातली. मग हळूहळू मान वळवून स्पीकरकडे पाहिलं. तो बंद होता. तरी त्या दोन काळ्या जाळ्यांकडे बघून ती हसली. तोंडाचं अख्खं बोळकं उघडून हसली.

फोटो छान आलाय. त्यात चिंगी आहे, स्पीकर आहे, माझं टक्कल आहे. बायको म्हणाली, “अरे, स्पीकरमध्ये आवाज तुझाच आहे ना?” तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, म्हणून जास्त लागलं.

१२ एप्रिल, सकाळी ११
स्पीकर कठड्यावरून सोडवून कपाटात ठेवला. चिंगी रडू लागली. मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, पाऊण तास बोललो. रडून रडून लाल झाली. मला बघवेना. शेवटी मीच कपाट उघडलं, स्पीकर तिच्यासमोर धरला आणि बटन दाबलं.

“चिंगे, मी तुझा बाबा,” स्पीकर म्हणाला.

चिंगी हसली.