काडीपैलवान

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार, पण मनातल्या मनात. कंबर वाकायला तयार नाही.

मी जिममध्ये नाव घातलं आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच. अर्धांगाच्या झटक्याने यांची डावी बाजू गेली, आणि सांभाळायला येणारा माणूसही आता काम सोडून गेला. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत यांना मीच बसवते. म्हणजे बसवायला जाते. निम्म्या वेळा आम्ही दोघं पलंगाच्या कडेवरच अडकतो आणि मग मी शेजारच्या सुताराला हाक मारते. हे तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवतात. थोरल्याने स्पष्ट सांगितलंय की तो महिनाअखेरीला येईल. तोवर मला एकटीला जमलं तर ठीक, नाहीतर बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. चौकशीसुद्धा करून झालीय त्याची.

म्हणून मला वजन उचलायला शिकायचं आहे. तर तिथली ट्रेनर पोरगी मला सायकलवर बसवते. जन्मभर शिलाई मशीनचं पायडल मारलं, आता इथेही तेच, आणि पुढ्यात कापडसुद्धा नाही. मग एका पायावर उभं राहा, मग हात ताणा. व्यायाम समतोल हवा म्हणते. मी म्हटलं, बाई, मला समतोल नको, नवरा उचलायचाय. ती हसली. मला मुळीच हसू आलं नाही. चारी बाजूंना आरसे, जिकडे बघावं तिकडे मीच घामाघूम.

तू इतकी वर्षं शाळेत कवायत शिकवलीस. भराभर ताकद कशी येते तेवढं कळव. वहिनीला नमस्कार.

लोभ आहेच, त्यात उपदेशाची भर नको.
तुझी,
काडी


९ फेब्रुवारी

चि. काडीपैलवान हिस अनेक आशीर्वाद,

मी हसलो नाही. तुझी वहिनी हसली, आणि मग डोळे पुसत आत गेली.

ताकद भराभर येत नसते. त्या पोरीचं ऐक. माणूस हातांनी उचलला जात नाही. मांड्या आणि पोट उचलतं, हात नुसते धरतात. म्हणून बैठका. सायकलने दम वाढतो, एका पायावर उभं राहून तोल सुधारतो, ताणल्याने अंग मोकळं होतं. आणि आज वजन उचललंस तर उद्या स्वस्थ बस, अंग तेव्हाच भरतं. यातलं काही तू ऐकणार नाहीस. मी तुला पोहायला शिकवत होतो तेव्हा हात कसे मारायचे ते सांगून व्हायच्या आत तू तलावात उडी टाकली होतीस, आणि ओरडा मी खाल्ला होता.

मेहुणे स्वतः काही व्यायाम करतात का? त्याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. उजवा पाय शाबूत आहे ना त्यांचा?

इकडचा लोभ आटायचा नाही. तू पाठ सांभाळ.
तुझा,
दादा


१८ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार, पडल्यापडल्याच.

झालं तुझ्या मनासारखं. ट्रेनरची पाठ वळली की मी बैठका सोडून वजनाच्या दांडीशी जायची. रोज. शनिवारी दांडी वर आली आणि माझी पाठ धरली. आता घरात दोन पलंग आणि दोन आजारी. सुतार यांना उठवतो आणि जाताजाता मलाही बसतं करून जातो. मी नुसती चरफडते.

वर हे दिवसेंदिवस जड होत चाललेत. खाणं चिमणीएवढं आणि उचलायला जावं तर पोतं. फिजिओथेरपीच्या बाई येतात तेव्हा डोळे मिटून घेतात. परवा म्हणाले की केंद्र काही वाईट नसेल, खिडकीतून झाडं दिसतात म्हणे. मी हातातलं ताट आपटलं. दादा, मला सगळ्यांचा राग येतो, यांचा, पोराचा, त्या आरशांचा. जी खोली आम्हा दोघांना कायम अपुरी पडली, ती मला एकटीला नको आहे.

रागाचं मनावर घेऊ नकोस, लोभ ठेव.
काडी


२० फेब्रुवारी

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

आडवा पडून लिहितोय. पेन उलटं चालत नाही म्हणून पेन्सिल. पत्र फिजिओच्या बाईंच्या हाती देतोय, हिला कळता कामा नये.

मी गोदीत क्रेन चालवली. सैल ओझं किती जड जातं ते मला शिकवायला नको. ही उचलायला आली की मी अंग सोडून देतो. उजव्या पायात जोर आहे, तो लावत नाही. वाटलं, थकेल, हात टेकेल आणि मला केंद्रात पाठवून मोकळी होईल. तिची सुटका व्हावी, एवढंच मनात होतं. तर ही बया जिममध्ये गेली. आता पाठ धरून पडलीय ती माझ्यामुळे, आणि मला माझीच लाज वाटते.

चांगल्या पायाला काय व्यायाम द्यावा ते लिहून पाठवा. बाईंच्या पत्त्यावर.

आजवर केलात तसाच लोभ करा, आणि वाच्यता करू नका.
आपला,
मेहुणा


२३ फेब्रुवारी

श्री. मेहुण्यांस,
स. न. वि. वि.

उजवी टाच गादीत रोवा, कंबर उचला, थोडं थांबा, खाली या. दमलात की थांबा. डावा पाय बाईंच्या स्वाधीन करा आणि त्यांच्यासमोर डोळे उघडे ठेवा. मी बोलणार नाही. पण ती माझी बहीण आहे. तिची सुटका कशात आहे ते पुढच्या वेळी तिलाच विचारा.

रागावलो आहे, तरी लोभ आहे.
दादा


१ मार्च

ती. दादास,
नमस्कार, यावेळी वाकून. जमेल तितकं.

पाठ सुटल्यावर निमूट ट्रेनरकडे गेले. बैठका, सायकल, ताणणं, मधे आराम, सगळं ती सांगेल तसं. काल थोरला आला. दारात हाताची घडी घालून उभा, परीक्षकासारखा. मी पाय फाकवले, गुडघे वाकवले, यांना कवेत घेतलं, आणि हे उठले. मी नुसती धरून होते. पोराने शाबासकी द्यावी की नाही? म्हणाला, बघू आणखी काही महिने. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

ट्रेनर म्हणते तिच्या व्यायामाने जमलं. म्हणू दे. एवढ्याशा दिवसांत माझ्या मांड्या भरल्या नाहीत, एवढं मला कळतं. दादा, हाताखालचं कापड ताठ आहे की सैल ते मला न बघता कळतं, मग यांचं अंग कळणार नाही? हे मुद्दाम अंग सोडतात ते मी उचलायला लागले त्या पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. तुला लिहिलं नाही. आपला नवरा आपल्यापासून सुटायला बघतोय, हे कोणत्या तोंडाने लिहायचं? म्हणूनच तर जिमला गेले. म्हटलं, सोडा किती अंग सोडताय ते, तरी उचलीन.

आता मी शिवायला बसले की आतून यांचा पलंग कुरकुरतो. मी मशीन मुद्दाम जोरात चालवते, म्हणजे मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. तू त्यांना यातलं काही सांगू नकोस.

राग अजून पुरता गेलेला नाही. तो जाईपर्यंत तुझा लोभ लागेल, नंतरही लागेल.
तुझी,
काडी