सरूचा नवा दाखला

१८ नोव्हें. ९६, सोमवार

सकाळी चष्म्याची डबी उघडली तर आत मिशेरी. काळी पूड, काठोकाठ. चष्मा सरूच्या उशीखाली सापडला. विचारलं तर म्हणते, "म्या कशाला ठिवू? कुनी चोर शिरला आसंल." वा रे चोर! आला, मिशेरी भरली, चष्मा उशीखाली ठेवला, गेला. मी हसले. तीही हसली, पण आपण का हसतोय ते तिला कळलं नसावं.

चार वर्षांपूर्वी या वृद्धाश्रमात आले तेव्हापासून आम्ही दोघी या खोलीत. दोन खाटा, एक खिडकी. असं कधी करत नव्हती. दिवाळीनंतर काहीतरी बिनसलंय. काल मला दोनदा "भागे" म्हणून हाक मारली. भागा तिची धाकटी बहीण, जाऊन कैक वर्षं झाली. मी ओ दिली. उगाच कशाला.

२३ नोव्हें., शनि.

दुपारी जेवून उठली आणि लगेच रिकामं ताट घेऊन पुन्हा रांगेत उभी. सुमनताई बघत होत्या. आश्रमाचा सगळा कारभार त्यांच्याकडे, डोळे घारीचे. मी पुढे होऊन म्हटलं, "मीच पाठवलं तिला. मला अजून एक भाकरी हवी होती." मग ती भाकरी मला खावी लागली. बाजरीची, जाड. संध्याकाळपर्यंत पोट तट्ट फुगलेलं होतं.

सुमनताईंना कळता कामा नये. इथला नियम म्हणजे ज्याचं डोकं ठिकाणावर, जो आपलं आपण करतो, त्यालाच जागा. येताना डॉक्टरचा तसा दाखला घेतात. कोपऱ्यातल्या खोलीतले अण्णा असेच बरळायला लागले तर त्यांना पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं. त्यांची खाट दुसऱ्याच आठवड्यात भरली.

सरूला आंघोळीला आता मीच हाक मारते, लुगडं मीच काढून ठेवते. ती म्हणते, "बाई, तुमी लई करता माजं." गप बस म्हटलं.

३० नोव्हें., शनि.

 

सकाळी न्याहारीला सरू नाही. संडासात नाही, विहिरीकडे नाही. विहिरीत वाकून पाहिलं, आत तिच्या नावाने दोनदा हाक मारली. सुमनताईंनी चारी दिशांना माणसं धाडली. दुपारी दोनला एक टेम्पोवाला तिला घेऊन आला. काष्टीच्या बाजारात बसली होती! उसाच्या ट्रॅक्टरला हात करून गेली. तिथे भाजीवाल्या बायांच्या ओळीत फडकं पसरून बसली. फडक्यावर काही नाही. एक काडी कोथिंबीर नाही. टेम्पोवाला सांगत होता, जुन्या बाया ओळखत होत्या, त्यांनी सरकून जागा दिली, चहा पाजला. कुणी हसलं नाही म्हणे. देव त्यांचं भलं करो. (मी आणि देव! पण लिहिलं गेलं.)

मला म्हणाली, "आज गिऱ्हाइकच न्हाई बगा. बाजार पडला."

मी खूप रागावले. मग तिचे पाय धुतले. टाचा फुटल्या होत्या, एक चप्पल कुठेतरी राहिली.

१ डिसें., रवि.

आश्रमाच्या संस्थेचे सेक्रेटरीसाहेब आले. खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू. सरूबाईंचा दाखला चार वर्षांपूर्वीचा. आता प्रकृतीत फरक पडला, तर तपासणी नव्याने करावी लागणार. नगरहून मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई बोलावल्यात. त्यांनी वेड म्हटलं तर इथं ठेवता येणार नाही.

मी म्हटलं, "माणूस आहे ती. रेशनकार्ड नव्हे, फाटलं म्हणून नवं करायला."

"बाई, उद्या विहिरीत पडली तर जबाबदार कोण?"

 कालच वाकून पाहिली होती ती विहीर.

तिच्या मुलाला पिंपरीला फोन केला म्हणे. तो म्हणाला, तुम्ही कराल ते योग्य. दिवटा! दिवाळीला अर्धा किलो फरसाण आणून टेकवलं की याचं मातृऋण फिटतं.

३ डिसें.

बुधवारी ११ तारखेला डॉक्टरीण येणार. आठ दिवस आहेत. दगडांनाही पाढे पाठ करून घेतलेत मी पारनेर तालुक्यात, सरू कोण लागून गेली. आजपासून अभ्यास.

पहिला प्रश्न, नाव. दुसरा, वार. तिसरा, महिना. चौथा, आपण कुठे आहोत. पाचवा, मुलं किती. सहावा, पंतप्रधान कोण, असं विचारतात म्हणे. तो गाळला. या वर्षात इतके बदलले की माझंच अडखळतंय.

६ डिसें., शुक्र.

पांढरी साडी नेसले. खिडकीतल्या बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली. सरू रोजच्यासारखी जास्वंद घेऊन आली. हे मात्र ती विसरत नाही. फूल ठेवून हात जोडले आणि म्हणाली, "ह्येला सांगा, बाईला पास कर." पास तुला व्हायचंय गं, मला नाही!

अभ्यास बरा चालू. सलग म्हटलं की पाचही उत्तरं धडाधडा येतात: "सरूबाई म्हस्के, बुधवार, डिसेंबर, श्रीगोंदा, एक ल्योक." शाब्बास म्हटलं की लहान पोरीसारखी लाजते.

मला तिची सवय झालीय. सवय कसली, जीव जडलाय. लिहून टाकलं एकदा.

११ डिसें., बुध.

हात दाखवून अवलक्षण! माझ्याच हाताने केलं सगळं.

डॉक्टरीणबाई तरुण, तिशीच्या. साधी कॉटनची साडी. सरूला समोर बसवलं, मी तिच्या मागे. नाव त्यांच्याकडे आधीच लिहिलेलं, ते विचारलंच नाही. एकदम म्हणाल्या, "आजी, आज वार कोणता?"

सरू ताठ बसून, "सरूबाई म्हस्के."

"बरं. महिना?"

"बुधवार."

"आपण आत्ता कुठे आहोत?"

"डिसेंबर."

"मुलं किती तुम्हाला?"

"श्रीगोंदा."

आणि मग पाचवं उरलं, तर कुणी न विचारताच, "एक ल्योक." म्हणून वळून माझ्याकडे बघितलं. शाब्बास ऐकायला.

काय करावं सुचेना. अक्कल गहाण टाकली होती मी. तिला धड चार गोष्टी तरी सांगता आल्या असत्या, माझ्या शिकवणीने त्याही गेल्या. डॉक्टरीण माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आजी, तुमचे ओठ हलतायत."

आजी म्हणू नका, म्हटलं, बाई म्हणा. आणि मग सांगून टाकलं की मी पाठ करून घेतलं होतं. त्या हसल्या, पण टिंगल नव्हती. समोरचा कागद त्यांनी फाडला. "आता खरं काय होतंय ते तुम्ही सांगा. दिवाळीपासूनचं सगळं. तुम्ही झाकलंत तर मला हिचं दुखणं कळणार कसं?"

मग मी सांगितलं. मिशेरी, भागा, ताट, बाजार, एकदा पातळातच झालं होतं तेही. सरू शेजारीच होती. हे आधी लक्षातच आलं नाही माझ्या. सगळं ऐकून हळूच म्हणाली, "येवढं सगळं केलं व्हय म्या?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"आन् तुमी मला सांगितलं बी न्हाई, बाई."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही.

१२ डिसें.

सरू सकाळपासून बोलत नाही. फूल मात्र ठेवलं.

डॉक्टरीण काल जाताना सुमनताईंना समोर बसवून समजावून गेल्या. वेड नव्हे हे. म्हातारपणी काहींना विसरण्याचा आजार जडतो, तो असू शकतो. नाहीतर गळ्यातल्या ग्रंथीचं, थायरॉइडचं काही, किंवा अंगात एखादं जीवनसत्त्व कमी, त्यानेही असंच होतं, आणि ते औषधाने सुधारतं. म्हणून आधी रक्त तपासायचं. इस्पितळात टाकायची मुळीच गरज नाही, उलट ओळखीच्या जागेतून हलवलं तर आणखी गोंधळेल. मात्र एकटं सोडायचं नाही, सतत सोबत हवी. आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

महिनाभर झाकत बसले मी. औषधाने सुधारत असेल तर तो महिना वाया गेला.

संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा सरू म्हणाली, "च्या घ्या बाई, निवतोय." एवढंच. पण बोलली.

२० डिसें., शुक्र.

सेक्रेटरींशी कडाक्याचं भांडण. ते म्हणतात, सोबत हवी म्हणजे ती आपलं आपण करणाऱ्यातली राहिली नाही, नियमात बसत नाही. मी म्हटलं, सोबत मी आहे. पगार नको, खाट एक फूट तिच्याकडे सरकवून द्या.

"तुम्ही? बाई, तुमचं वय एकाहत्तर."

"मग? अडतीस वर्षं साठ-साठ पोरं एका वर्गात सांभाळलीत मी. ही एक सांभाळता येणार नाही?"

तर गृहस्थ काय म्हणतो, सोबत म्हणून ज्याला लावायचं त्याचंही डोकं शाबूत असल्याचा दाखला नको का? तुमचाही चार वर्षांपूर्वीचाच आहे. सरूबाईंच्या रक्तासाठी डॉक्टर दोन तारखेला येणारच आहेत, तेव्हा तुमचीही तपासणी होऊन जाऊ दे. दाखला चांगला आला तर सरूबाई तुमच्या सोबतीने राहतील. नाही आला, तर मुलाला बोलावून घेऊ.

उचलली जीभ लावली टाळ्याला! माझी तपासणी! मी म्हटलं, घ्या. आत्ता घ्या. हवं तर तुमचीही घेऊ बरोबर.

सुमनताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्या बऱ्या आहेत तशा.

२९ डिसें.

थंडी फार. सरू रात्री मध्येच उठून बसते, गाठोडं बांधते. "बाजाराला जायचंय." आता भांडत नाही मी. उद्या जाऊ म्हणते. ती गाठोडं सोडून त्यातली माझीच शाल माझ्या अंगावर घालते.

आज बाजाराचं विचारलं तिला. किती वर्षं बसलीस? तर सगळं सांगितलं, मेथीची जुडी कशी बांधायची, पाणी किती मारायचं, कुठलं गिऱ्हाईक घासाघीस करून शेवटी घेतंच. जेवायला काय होतं ते मात्र आठवेना. पिठलं होतं गं.

२ जाने. ९७, गुरु.

झाली माझी तपासणी.

ऐटीत गेले होते. वार, तारीख, महिना, जिल्हा, तालुका, सगळं विचारायच्या आत सांगितलं. शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं, दोनपर्यंत आले. डॉक्टरीण म्हणाल्या, "बाई, माझंच चुकलं असतं." मी सेक्रेटरींकडे असं बघितलं!

सुरुवातीला त्यांनी तीन शब्द सांगितले होते. लक्षात ठेवा, नंतर विचारीन म्हणाल्या. शेवटी विचारलं.

आंबा. कुलूप.

तिसरा आला नाही.

"सांगू का?" त्या म्हणाल्या. नको म्हटलं, आठवेल. छताकडे पाहिलं, हाताच्या बोटांकडे पाहिलं. बाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांच्या घुंगरांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. नाही आला.

त्या म्हणाल्या, या वयात एखादा शब्द निसटतो, त्यावरून लगेच काही ठरत नाही. पण डोळे मिटूनही घेता येत नाहीत. तुमचंही रक्त पाहू. दोघींचे रिपोर्ट आले की दोघींचं एकदमच लिहून देते. सोमवारी.

सेक्रेटरी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

३ जाने., शुक्र.

मला भीती वाटतेय. विहिरीत वाकले होते तेव्हासारखी. मी नापास झाले तर सरूला नेतील. आणि मग मला कोण बघेल, हेही मनात आलंच.

दुपारी खाटेवर तोंड फिरवून पडले होते. सरू उठून आली, माझ्या पायाशी बसली. "का रडता?" रडत नाही म्हटलं. "मंग डोळं कशानं वलं?"

तिला सगळं सांगितलं. यावेळी काही झाकलं नाही. की मी तिची सोबत म्हणून राहायचं तर माझं डोकं नीट पाहिजे, आणि माझाही एक शब्द हरवलाय. तिला किती कळलं कोण जाणे. बराच वेळ माझे पाय चेपत बसली. मग म्हणाली,

"येवढंच व्हय? तुमचं आर्धं, माजं आर्धं. मिळून एकीपुरतं हुतंय की."

मी उठून बसले. ती माझ्याकडे बघत होती, अगदी पहिल्यासारखी, डोळे स्वच्छ. "खरं का गं?" म्हटलं. तर म्हणते, "काय खरं?"

सोमवारी कागद येणार. तिसरा शब्द अजून आठवत नाही.