सहा रकाने

ता. ४ जून

ती. अक्कास,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, म्हणजे मी आहे तसाच आहे. मान, हात आणि तोंड एवढं चालतं; त्यातलं तोंड जरा जास्तच चालतं, असं हिचं म्हणणं. लिफ्टच्या खड्ड्यात पडल्याला पुढच्या महिन्यात तीन वर्षं होतील.

पत्राचं कारण ठकी. तिचे बारावीचे मार्क तुला कळवलेच होते. आता इंजिनिअरिंगचा फॉर्म भरायचाय. त्यात सहा रकाने आहेत. पसंतीच्या क्रमाने सहा कॉलेजं लिहायची, वीस तारखेच्या आत शाळेच्या ऑफिसात द्यायचा आणि एकदा दिला की खाडाखोड नाही. आठ दिवस माहितीपुस्तक माझ्या छातीवर आहे. पण त्यात सगळीच कॉलेजं चांगली!

ठकी म्हणते, गल्लीच्या टोकाचं कॉलेज पहिलं लिहू. अक्का, त्यांच्या लिफ्टचं काम मी चार वर्षं केलंय. वर्कशॉपमधली लेथ मशीन खोक्यातून बाहेर काढलेली मी एकदाही पाहिली नाही. शिपाई त्या खोक्यावर डबा खायला बसायचा. पोरीला मेकॅनिकल शिकायचंय. त्याला तुझ्या गावचं कॉलेज, असं माझं मन सांगतं.

मला उठून बघून येता येत नाही. तू जाऊन ये. वर्कशॉप बघ, मुली किती ते बघ आणि जसं आहे तसं लिही. तुला ऐकू येत नाही, तेव्हा फोनचा उपयोग नाही. पत्राकडे डोळे लावून आहे. लोभ आहेच, तो चार ओळींतून इकडे येऊ दे.

तुझा,
धाकटा

ता. ५ जून

ती. आत्यास,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

बाबांचं पत्र काल मीच पेटीत टाकलं. हे लिहितेय ते त्यांना कळू देऊ नकोस.

आत्या, कॉलेज बघून आलीस की ते वाईट आहे असं लिही.

बाबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, हे तुला माहीत आहे. आई आठ ते सहा शिवणखात्यात असते, तेवढा वेळ मी. शाळा जवळ होती, म्हणून मधल्या सुट्टीत पळत येऊन मी बारावी काढली. गेल्या वर्षी सराव परीक्षेचे चार दिवस शेजारच्या काकूंना सांगितलं होतं. त्या दोनदा विसरल्या. कंबरेच्या खाली रुपयाएवढी जखम झाली. त्यांना दुखत नाही, त्यामुळे झाली तेव्हा कळलंच नाही. वास आला तेव्हा कळलं. भरायला चार महिने लागले. तुला कळवायचं नाही, असं बाबांनीच ठरवलं होतं.

तुझ्याकडच्या कॉलेजात जायचं नाही असं नाही गं. जायचंय. म्हणूनच सांगते. ते चांगलं आहे असं तू लिहिलंस तर बाबा हटून बसतील आणि माझ्याही तोंडून नाही निघणार नाही.

उत्तर आईच्या शिवणखात्याच्या पत्त्यावर पाठव. तुझा खांदा कसा आहे? रागावलीस तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी

ता. ११ जून

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. भाऊ म्हणतो खरं लिही, भाची म्हणते खोटं लिही. सव्वीस वर्षं मागाच्या खात्यात काढून कान घालवले, पण असा कलकलाट तिथेही नव्हता.

मंगळवारी गेले. गेटवरच्या माणसाने माझ्या वहीत लिहिलं, कोणाकडे काम? मी म्हटलं, वर्कशॉपकडे. त्याला वाटलं म्हातारी नोकरी मागतेय. पण वर्कशॉपचे मास्तर भले निघाले. सगळं वहीत लिहून दाखवलं, मशीनची चित्रंसुद्धा काढली. अकरा लेथ, अकराही चालू. तुझ्याएवढी एक मुलगी बाह्या वर सारून लोखंडाचा तुकडा कानशीने घासत होती. नाकाला काळं लागलेलं, तिला पत्ताच नाही. मी एका चालू मशीनवर हात ठेवला. माग नीट चाललाय की कुरकुरतोय ते मला शेवटी शेवटी तळव्यालाच कळायचं. ही मशीन लोण्यासारखी चालली होती गं. मी दोन तास हलले नाही. आणि हे सगळं माझ्या खोलीपासून चालत बारा मिनिटांवर.

हे तुला लिहिलं, कारण तुझ्याशी खोटं बोल असं तू सांगितलेलं नाहीस. धाकट्याला तू म्हणतेस तसं कळवते. मन घेत नाही. पण त्या जखमेचा वास तू घेतलायस, मी नाही. तुझ्यापुढे माझं काय चालणार? एकदा आणखी विचार कर, एवढंच.

खांदा आहे तसाच. उजवा हात कानाच्या वर जात नाही, आणि कानापर्यंत नेऊन तरी काय उपयोग! जिवाला जप. आत्या आहे हे विसरू नकोस.

तुझी,
आत्या

ता. ११ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

कॉलेज पाहिलं. काही खास नाही. मशिनी जुन्या, निम्म्या बंद. मुली जवळजवळ नाहीतच. गेटवरची माणसं तुसडी. एवढ्या लांब पोरीला पाठवण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही. जवळचं बरं.

अक्का

ता. १५ जून

ती. अक्कास,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तू नवा झाडू घेतलास तरी दोन पानं लिहितेस. कॉलेज बघून आलीस आणि सहा ओळी? लहानपणी माझी पाटी फोडलीस आणि मांजराने फोडली म्हणालीस, तेव्हाही अशीच थोडक्यात बोलली होतीस. शेवटी लोभ असावा एवढंही लिहायला विसरलीस. म्हणजे कॉलेज चांगलं आहे. चांगलंच चांगलं असणार.

तुला गळ कोणी घातली ते विचारत नाही. घरात माणसं तीन, त्यातला एक मी.

काल ठकीला समोर बसवलं आणि फॉर्म भरायला लावला. पहिल्या रकान्यात तुझ्या गावचं कॉलेज. तिने मुकाट्याने लिहिलं. मी म्हटलं, माझं बघायला आई आहे, शेजार आहे, नाहीतर माणूस ठेवू. ती प्रत्येकाला हो म्हणत गेली. खाली मी सही केली. उद्या ती फॉर्म देऊन येईल. अक्का, माझ्या हातून आता दुसरं काही होण्यासारखं राहिलेलं नाही. हा एक कागद तरी माझ्या मनासारखा जाऊ दे.

या खेपेला खरंखरं लिही. लोभ मात्र मांजराच्या नावावर खपवू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. १८ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पकडलंस. अकरा लेथ आहेत, अकराही चालतात, आणि मास्तर देवमाणूस आहेत. पोरीवर रागावू नकोस. लिहिणारा हात माझा होता.

ते पत्र टाकल्यापासून मला जेवण गेलेलं नाही. आज उत्तर सुचलं. मी तिकडे येते. ठकीने इकडे माझ्या खोलीत राहावं. खोली कोरडी आहे, खिडकीशी टेबल मावेल. तुला वळवायचं कसं ते ठकीने मला आठ दिवस शिकवावं. माझा खांदा उठत नाही, पण अंगाखालची चादर ओढूनही माणूस वळवता येतो, असं इथल्या नर्सबाईंनी वहीत काढून दिलंय. इथे तरी माझं कोण अडलंय?

हो म्हण, की मी निघाले. बॅग भरूनच ठेवली आहे. माझा लोभ आता प्रत्यक्षच घेऊन येते.

तुझी,
अक्का

ता. १४ जुलै

ती. अक्कास,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा फॉर्म जाऊन आठवडा झाला होता आणि मी खुशीत होतो. ठकीला मोठ्याने वाचून दाखवलं, तर ती उठून भांडी घासायला गेली. मला वाटलं, आनंदाने रडू आलं असेल. यादी लागली की सगळं एकदमच कळवू म्हणून थांबलो.

यादी परवा लागली. ठकीला गल्लीच्या टोकाचं कॉलेज.

मला वाटलं, ऑफिसात चूक झाली. भांडून ये म्हणून हिला पाठवायला निघालो. तेव्हा ही भिंतीला टेकून खाली बसली आणि सांगितलं. ठकीने शाळेतून दुसरा कोरा फॉर्म घेतला होता. पहिल्या रकान्यात जवळचं कॉलेज, बाकीच्या पाचांवर आडवी रेघ. पालक म्हणून सही हिची.

तुझ्या गावच्या कॉलेजची यादी पेपरात पाहिली. ठकीपेक्षा नऊ मार्क कमी असलेल्यालाही तिथे जागा मिळाली आहे. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही.

मी दोघींनाही खूप बोललो. बोलू नये तेही बोललो. मग वाटलं, रागाने भिंतीकडे तोंड करून पडावं. तेही मला करता येत नाही, अक्का. दोन तास भरले तशी ठकी आली, मला भिंतीकडे वळवलं, पाठ नीट बघितली आणि गेली.

काल शांत झाल्यावर तिला विचारलं, आत्याचं पत्र वेळेवर आलं असतं तर? म्हणाली, खांद्याचं चादरीने भागलं असतं. पण आई कामावर असताना तुम्ही हाक मारलीत, तर आत्याला ती ऐकू कशी येणार? तुला हे लागेल, माहीत आहे. पण तुला खोट्यात पकडून मी तरी आता लपवाछपवी कशी करू?

भरलेली बॅग तशीच घेऊन चार दिवस ये. ठकीला मात्र काही बोलू नकोस. सोमवारी तिचं कॉलेज सुरू होतंय. अकराला शेजारच्या काकू बघणार, एकच्या सुट्टीत ती येणार. हिने तिचे दोन ड्रेस इस्त्री करून दाराला टांगलेत.

आज मला वळवताना ठकी म्हणाली, दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलून मागता येतं, मार्क चांगले पडले तर. तेव्हा बघू. तसा नियम नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

मी म्हटलं, हो, तेव्हा बघू.

लोभ आहे तेवढाच राहू दे. त्यात तूट नको.

तुझा,
धाकटा