लशीची पागा पाडू नये

मी, मनुबाई भ्रतार कोंडाजी कोळी, उमर साठीच्या पुढे, नेमकी देवीला ठाऊक, धंदा मासळी विक्री, राहणार मौजे रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, आज रोजी डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकात किंवा भरीस न पडता हे मृत्युपत्र लिहवून ठेवते. मला अक्षर येत नाही. अर्ज लिहिणारे चिंतामणराव टिपणीस माझ्या पडवीत बसून लिहीत आहेत. मी सांगेन ते सगळं लिहा असं त्यांना बजावलं आहे, कारण त्यांना गाळायची सवय आहे. हे वाक्यही गाळू नका म्हणावं.

हे करायचं कारण एकच. माझ्या घरामागे लशीची पागा आहे, म्हणजे सापाच्या लशीसाठी घोडे बांधायचे ते छप्पर. तिच्यामुळे दर्या कोपला म्हणतात, आणि मी डोळे मिटले की ती पाडायची असं कोळीवाड्यानं ठरवलं आहे. माझे दीर येसाजी नाखवा पंचांतर्फे मला सांगून गेले, की पागा पाडायचा शब्द जिवंतपणी दिला नाहीस तर तुझ्या तिरडीला खांदा द्यायला वाडीतून माणूस येणार नाही. ज्या वाडीत जन्म काढला तिथून बेवारशी मढ्यासारखं जायचं, हे मला नको आहे, खोटं कशाला सांगू. तरीही मी शब्द दिला नाही. का दिला नाही ते पुढे येईलच.

कलम पहिले. माझं राहतं घर, पुढचं अंगण आणि बोंबील वाळत घालायच्या काठ्या माझी सून रंगू, मयत धर्मा याची बायको, हिला द्याव्या. हे सगळं मी डोक्यावर पाटी वाहून कमावलं आहे, नवऱ्याच्या वडिलार्जितातलं काही नाही, तेव्हा भाऊबंदांनी तोंड घालू नये. रंगूनं दुसरा पाट लावला तरी घर तिचंच. मी तिला किती वेळा सांगितलं की लाव, पण ती ऐकत नाही. माझ्यासारखी आहे.

कलम दुसरे. माझ्या सोन्याच्या पुतळ्या, कानातल्या बुगड्या आणि बाजारातली बसायची जागाही रंगूचीच. माझी नणंद राही हिला माझं हिरवं लुगडं द्यावं. माफी देऊ नये. धर्मा गेला त्या आठवड्यात ती विहिरीवर म्हणाली होती, की मनूनं दर्याचे साप सरकारला दिले, दर्यानं तिचा पोर घेतला. लुगडं चांगलं आहे, नेसावं आणि नेसताना आठवावं.

कलम तिसरे, पागेबद्दल. टिपणीस म्हणतात, मालमत्तेचं वर्णन करा, इतिहास नको. इतिहासाशिवाय ती चार खांब आणि पत्रे आहे, मग ती पाडायला वाडीचं काय चुकलं? म्हणून लिहा.

मोठी लढाई संपली त्यानंतर डॉक्टर शिवदास प्रधान सरकारातर्फे इथे आले. दर्यातला साप चावला तर त्याच्यावर औषध नव्हतं, ते शोधायचं होतं. जमिनीवरच्या सापाची लस होते, पण ती दर्याच्या सापाला चालत नाही. त्यांना घोडे बांधायला जागा हवी होती, ती मी दिली. सापाचं विष थोडं थोडं घोड्याला टोचायचं, की घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो, आणि त्याच रक्तातून लस काढायची. मला आधी हे थोतांड वाटलं. पण माझा बाप असाच साप चावून गेलेला, म्हणून म्हटलं, बघू तरी.

अडचण सापांची होती. दर्याच्या सापाचं विष टिपूसभर निघतं, तेव्हा साप पुष्कळ हवेत. आणि आमची रीत अशी, की जाळ्यात साप आला तर त्याला मारायचं नाही, शेपटीला धरून उचलायचं आणि 'जा बाबा आपल्या घरी' म्हणत पाण्यात सोडायचं. तो दर्याचा, त्याला घरी आणायचं नाही. पुरुष ऐकेनात. मग मी बायकांना धरलं. आपले धनी, आपले पोर, विधवा आपण होणार, असं दारोदार जाऊन सांगितलं, आणि एकवीरेचा नारळ हातात घेऊन बोलले, की रीत मोडल्याचा दोष माझा, औषध झालं की पहिला मान तुमच्या घरांचा. बायकांनी घरातल्या पुरुषांना वळवलं. होड्यांवरून साप मडक्यात येऊ लागले. हाताने धरू नका म्हणून डॉक्टरांनी प्रत्येक होडीला लांब दांड्याचा चिमटा दिला.

तीन वर्षं हे चाललं. केसर नावाची तांबडी घोडी होती, तिचं रक्त सगळ्यात चांगलं उतरलं. सशांवर लस लागू पडली. माणसाला किती द्यायची तेवढं ठरवायचं राहिलं, आणि चावलेल्या माणसांना काय काय होतं त्याची किनाऱ्यावर गावोगाव विचारपूस डॉक्टर पुढच्या मोसमात करणार होते.

तेवढ्यात सरकारनं काटकसर काढली. लढाईत तिजोरी आटली म्हणे, आणि ज्याच्याशिवाय राज्य चालतं ते सगळं बंद करायचं ठरलं. त्यात आमची पागा आली. डॉक्टर दोनदा मुंबईस जाऊन आले, एक मोसम द्या म्हणून पाया पडायचे राहिले होते. वरचा साहेब म्हणाला, पैसा आला की पुन्हा उघडू. मी बाईमाणूस, मला एवढंच कळतं, की सातव्या महिन्यातल्या बाईला 'आता थांब, बाकीचं पुढच्या साली' असं सांगता येत नाही. डॉक्टरांना खानदेशात प्लेगच्या कामावर धाडलं. बाटल्या पेटीत भरून मुंबईस गेल्या. त्या कुठे गेल्या हे डॉक्टरांनाही पुढे कोणी सांगितलं नाही. घोडे लिलावात निघाले. पत्रे आणि खांब मी घेतले, कारण मला वाटलं पैसा येईल आणि पुन्हा उघडेल. होड्यांवरचे चिमटेसुद्धा मोजून परत नेले, सरकारी माल म्हणून. मग पुरुष पुन्हा पहिल्यासारखे शेपटीला धरून साप सोडू लागले. ते तरी काय करणार?

दोन वर्षांनी माझ्या धर्माला साप चावला. साप पाण्यात सोडतानाच चावला, मनगटावर.

संध्याकाळी होडी लागली तेव्हा तो चालत घरी आला. मग पाय धरले, मान धरली, दातखीळ बसायला लागली. डोळे उघडे ठेवायला तो बोटांनी पापण्या वर धरत होता. लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली. उजाडताच मी अलिबाग गाठलं. तिथले डॉक्टर भले होते, त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून विचारलं, "बाई, ही लस तर तुमच्या रेवदंड्यालाच होत होती ना?"

होत होती म्हटलं आणि उठले.

बाहेर आले तर टांग्यांच्या अड्ड्यावर केसर उभी. मानेवरच्या टोचल्याच्या खुणांवरून मी तिला ओळखलं. तिनंही मला ओळखलं असावं, कारण तिनं तोंड माझ्या पदराला लावलं. माझ्या पोराचं औषध तिच्या अंगात होतं आणि ती टांगा ओढत होती. मी हिरामण टांगेवाल्याच्या हातापाया पडले. त्याला लस काय ठाऊक! पण त्यानं दोन गिऱ्हाइकं उतरवली आणि मला घेऊन घोडी रेवदंड्याला आणली. घोडी अंगणात उभी राहिली, पोर आत पडलेला, आणि तिच्यातलं त्याच्यात घालणारा माणूस खानदेशात. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. इथल्या दवाखान्याच्या कंपाउंडरला मी रक्त काढ म्हणून धरलं. तो रडवेला होऊन म्हणाला, की आजी, माझ्या हातून पोर मरेल. त्याचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी धर्मा गेला. रंगूच्या हातावरची लग्नातली हळद नुकती उतरली होती.

तार मिळून डॉक्टर आले ते आठवड्यानंतर. म्हणाले, दोन वर्षं टोचणी बंद, घोडीच्या रक्तातला उतारा तोपर्यंत बहुतेक विरून गेला असणार. मी म्हटलं, गेला असेल, पण नक्की सांगायला तरी कोणी जागेवर नको होतं का? ते पागेत जाऊन बसले आणि पुष्कळ वेळ रडले. त्या माणसावर माझा राग नाही. ज्यांनी सही करून काम बंद केलं त्यांना धर्मा माहीत नव्हता, आणि पुढेही कधी कळला नाही. मला राग त्याचाच आहे.

आता गेल्या साली सरकारनं पुन्हा काटकसर काढली आणि डॉक्टरांनाच कमी केलं. ते किहीमला भावाकडे असतात. दोन महिन्यांपूर्वी काठी टेकत आले आणि म्हणाले, मनुबाई, पागा द्याल का, पुन्हा सुरू करतो. डोळ्यांनी दिसत नाही धड आणि लस करायला निघाले. एकट्या माणसाच्यानं हे होईल असं मला वाटत नाही. त्यांनाही वाटत नसावं. पण मी नारळ हातात घेऊन बायकांना शब्द दिला होता, तो सरकारनं मोडला असला तरी मी मोडलेला नाही. सबब घरामागची पागा, तिच्याखालची जमीन आणि विहिरीवर जायची वाट डॉ. शिवदास प्रधान यांना, आणि त्यांच्या मागे जो हे काम करील त्याला, दिली आहे. कोणी पाडू नये. सरकार पुन्हा आलं तर येऊ द्यावं, पण हाती घेतलेलं पुरं करू असं आधी लिहून घ्यावं. टिपणीस म्हणतात, अशी अट सरकारवर चालत नाही. न चालू दे, लिहा.

कलम चौथे, येसाजीबद्दल. हे सांगायला घेतलं तेव्हा तो येऊन ओटीवर माझ्याकडे पाठ करून बसला आहे. बरं झालं, ऐकू दे.

धर्मा ज्या होडीवर होता तिचा नाखवा येसाजी होता. आमच्यात समज असा, की दर्याचा साप चावून दुखलं नाही तर दर्यानं माफ केलं. धर्माला दुखलं नाही. म्हणून त्यांनी दर्याला नारळ वाहिला, धर्मा हसला, भाकर खाल्ली, सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं आणि मगच होडी फिरवली. संध्याकाळी धर्माच्या उशाशी उभा राहून येसाजी मला एवढंच म्हणाला, "वैनी, त्याला दुखला न्हाय गो." त्यानंतर तो कधी त्या दिवसाबद्दल बोलला नाही. डॉक्टरांना पुढे कळलं, की हा दंश दुखतच नाही. न दुखणं हीच त्याची खूण. विचारपूस वेळेवर झाली असती तर ते होडीहोडीवर कळलं असतं.

तेव्हापासून येसाजी माझ्याशी पागेवरून भांडतो. भांडण पागेचं नाही हे मला ठाऊक आहे. दर्या कोपला असं म्हटलं की कोणाकडेच बोट जात नाही. औषध होऊ शकलं असतं असं म्हटलं की त्याला ते ओढलेलं जाळं आठवतं. भावजी, होडी लगेच फिरवली असती तरी किनाऱ्यावर काय होतं? रिकामी पागा. मी नाखवा असते तर मीही जाळं ओढलं असतं. तुमच्यावर माझा आळ नव्हता आणि नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं, पण तुम्ही भांडायला यायचात आणि मीही भांडायचे. टिपणीस, हेही मृत्युपत्रातच राहू द्या, कारण तोंडानं मला सांगता येणार नाही.

कलम पाचवे, माझ्या देहाबद्दल. वाडीतून खांदा मिळाला नाही तर मला हिरामणच्या टांग्यातून न्यावं आणि रंगूनं अग्नी द्यावा. कोणाच्या दारात जाऊन विनवणी करू नये.

हिरामणला काही द्यायचं मनात होतं, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असा कायदा टिपणीसांनी दाखवला. त्या दिवशी त्यानं भाडं घेतलं नाही, आज साक्षही तशीच घालतो आहे. दुसरा साक्षीदार वाडीतून कोणी आला नाही. जो पुढे होईल त्याचं नाव घालावं.

येणेप्रमाणे मला वाचून दाखवलं, मी समजून घेतलं आणि राजीखुशीनं आंगठा केला.

मुक्काम रेवदंडा, तारीख १४ माहे नोव्हेंबर, सन १९३२.

निशाणी डाव्या हाताचा आंगठा: मनुबाई भ्रतार कोंडाजी कोळी.
दस्तूर: चिंतामण बाळाजी टिपणीस.

साक्ष: हिरामण, धंदा टांगा, राहणार अलिबाग. सही मोडीत.

साक्ष: येसाजी नाखवा, राहणार रेवदंडा कोळीवाडा. निशाणी आंगठा. आंगठा करण्यापूर्वी यांनी सांगितल्यावरून लिहिले ते असे: पागेबद्दल माझी हरकत कायम आहे. खांद्याबद्दल नाही.