न हंबरणारा गोठा

४ मार्च
आले एकदाची! पाच वर्षं कॉलेज, मग दोन वर्षं शहरातल्या दवाखान्यात मांजरांची नखं कापली. आता दोनशे गाई माझ्या हवाली. खोली गोठ्याला लागूनच आहे. पलंग, टेबल, गरम पाणी, अजून काय हवं? मोठी जनावरं तुला झेपायची नाहीत म्हणणाऱ्या आईला फोन करून माझ्या गमबुटांचं साग्रसंगीत वर्णन ऐकवलं. ती खूप हसली. मालक मोजकंच बोलतात. म्हणाले, आमची जनावरं फार शांत आहेत.

६ मार्च
खरंच शांत आहेत. चाळीस गाईंना लस टोचली, एकीनेही अंग चोरलं नाही. सुई लागली की कातडी थरथरतेच. इथे तेवढंही नाही. गवळीकाका म्हणाले, आधीचे डॉक्टरही असेच चक्रावले होते, मग रुळले.

९ मार्च
एका गाईचा खूर सडलाय, पार हाडापर्यंत. तरी ती चारही पायांवर भार टाकून निवांत रवंथ करत होती. लंगडत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही. रक्त, पाणी, चारा तपासायला पाठवलं. मालकांना म्हटलं, जनावराला दुखत नाही हे काही चांगलं लक्षण नव्हे. त्यांनी शांतपणे विचारलं, दुखून कुणाचं भलं झालंय, डॉक्टर?

१३ मार्च
आज एक वासरू आईपासून तोडलं. गाय हंबरली नाही. वासरूही नाही. दुपारी गवळीकाकांचं बोट फाटकात चेंगरलं. किंचाळले मीच. त्यांनी बोटाकडे पाहिलं आणि त्याच हाताने बादली उचलली. चार टाके घातले. भुलीची गरज पडली नाही.

१७ मार्च
तपासण्यांचे निकाल आले. कशातच काही नाही. आरशात जिभेवर मोठा फोड दिसला. कधी पोळली, पत्ता नाही. बॅग भरलीय. उद्या सकाळी निघणार. काही झालं तरी निघणार.

१८ मार्च
गेले नाही. का जायचं होतं, ते मागच्या पानावर वाचलं. अक्षर माझंच. बाई भलतीच घाबरलेली दिसते.

२१ मार्च
ताईचा फोन. आई गेली, पहाटे, झोपेत. ताई रडत होती, कधी निघतेस विचारत होती. मी म्हटलं, बारा गाईंची तपासणी राहिलीय. तिने फोन ठेवून दिला. आईचा चेहरा आठवून पाहिला. आठवतो. बस्स, आठवतो.

२२ मार्च
मांडीत सुई खुपसली. जनावरांची, जाड. नाही. पुन्हा — नाही. रडून पाहिलं. तोंड वाकडं होतं, एवढंच —

२३ मार्च
ताई आलीय. मला न्यायला. खिडकीतून दिसतेय — फाटकाबाहेर, हुंदके देत. मालक फाटक उघडतायत. ओरडायला हवं. आत येऊ नकोस, ताई, मागे फीर —

आत आली. डोळे पुसले तिने. गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी आहे. रडत नाहीये आता.

हाक मारायची होती. तिला सांगायचं होतं की —

काय ते