रद्दीतून वाचलेलं मूल्यांकन

नाशिक

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच घातला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? निफाडात थंडी फार पडल्याचं मामींनी फोनवर सांगितलं. बागेकडचं फिरणं ऊन चढल्यावरच करा.

आमच्या विद्यापीठात मूल्यांकन समिती येऊन गेली आणि मी अजून नोकरीत आहे. गुणवत्ता कक्षाचा समन्वयक म्हणून महिनाभर मी भिंती रंगवून घेतल्या, कुंड्या मांडल्या, वाचनालयात विद्यार्थी बसवले (हे सगळ्यात अवघड). समितीच्या अध्यक्षांनी कुंड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मागच्या तिन्ही मूल्यांकनांची कागदपत्रं मागितली. तेव्हा काय सुचवलं होतं आणि तुम्ही काय केलंत, ते आधी दाखवा म्हणाले. मी ऐटीत पायलला खूण केली. (पायल म्हणजे आमचा संगणक विभाग, एकटीच.) सगळं स्कॅन करून एका हार्ड डिस्कवर ठेवलेलं होतं. तिने डिस्क जोडली. डिस्क दोनदा टकटकली आणि गप्प झाली. पायलने ती काढली, पुसली, पुन्हा जोडली. मी मनातल्या मनात काळारामाला नारळ बोललो. पण डिस्क काही उठली नाही. कुलगुरूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही, कारण तुमची पत्रं मामी मोठ्याने वाचतात.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "सायेब, कोन्या सालचं पायजे?"

या भागुबाई. अभिलेख कक्षात शिपाई, राहणार मखमलाबाद, घरी फुलांचा मळा, नोकरीला अठ्ठावीस वर्षं. पुढे त्या, मागे समिती, तिच्यामागे कुलगुरू आणि सगळ्यांच्या मागे मी, असे आम्ही जिमखान्यामागच्या खोलीत गेलो. मामा, तिथे द्राक्षांच्या रिकाम्या खोक्यांत पहिल्या मूल्यांकनापासूनचा कागद न् कागद होता. अहवाल, सूचना, आमची उत्तरं, फोटो. वाळवी लागू नये म्हणून मध्ये मध्ये कडुनिंबाचा पाला. प्रत्येक गठ्ठा मेथीच्या जुडीसारखा बांधलेला, एका ओढीत सुटणारा. बाईंना इंग्रजी वाचता येत नाही. पण आजवरच्या प्रत्येक समितीला चहा त्यांनीच दिला आणि चहा देताना त्या ऐकत राहिल्या. अध्यक्षांनी मुलींच्या वसतिगृहाचं विचारताच त्यांनी निळा गठ्ठा ओढला.

"पाण्याचं ना? ते दुसऱ्या टायमाला लिवलं व्हतं. मंग टाकी बांधली. हा तिचा फोटू."

अध्यक्षांना मराठी येत नव्हतं, पण पायलने हिंदी करून सांगेपर्यंत फोटो त्यांच्या हातात होता.

अध्यक्ष दीड तास त्या खोलीत स्टुलावर बसले. निघताना त्यांनी आधी बाईंना हात जोडले, मग कुलगुरूंना. 'अभिलेखांची जपणूक अनुकरणीय' हा शेरा सर्वांसमक्ष वाचला गेला, तेव्हा बाई मात्र सभागृहात नव्हत्या. समितीने उलगडलेले गठ्ठे त्या पुन्हा बांधत होत्या. मी इथे पीएचड्या ढिगाने पाहिल्या, पण आपलं काम इतकं मनापासून करणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

मामींना नमस्कार.

आपला भाचा,
देवव्रत

ता. क. स्कॅन झाल्यावर मूळ कागद रद्दीत काढण्याचा आदेश चार वर्षांपूर्वी मीच दिला होता. बाईंनी रद्दीवाल्याचा टेम्पो फाटकावरूनच परत पाठवला होता.

आणखी एक. आदेश मोडल्याबद्दल त्यांना मेमोही मीच दिला. तो त्यांच्या सेवापुस्तकात आहे. तुम्ही तीस वर्षं आस्थापना विभागात काढलीत. असा मेमो मागे कसा घेतात, ते कळवा. मी परवा माफी मागायला गेलो, तर म्हणाल्या, "तोंडी नको सायेब. लिवून द्या, जावक नंबर टाकून." तेव्हा माफीचा मसुदाही तुम्हीच करून पाठवा. माझ्या हातून 'उपरोक्त विषयास अनुसरून' याच्या पुढे काही सरकत नाही.

शेवटचं. मसुदा एका पानात बसवा. जास्त पानं झाली तर "तुमी परत रद्दीत काढाल," असं त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या की कसं, ते माझी मान खाली असल्यामुळे मला दिसलं नाही.